ड्रायडनच्या मागे बनी

मे 2021 मध्ये निळ्या कडेचं एक आइस हॉकी कार्ड 37.5 लाख डॉलरला विकलं गेलं. कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीच्या 1979-80 च्या संचातलं हे वेन ग्रेट्स्कीचं कार्ड. त्याच 396 कार्डांच्या संचात गोलरक्षक मिशेल लारोकही आहे. त्याच्यासाठी बोली लावायला कोणी धावत नाही. मला विचाराल तर त्याच कार्डाची गोष्ट जास्त चांगली आहे.

ओ-पी-ची ही मूळची च्युइंगगमची कंपनी, ऑंटॅरिओतल्या लंडन शहरातली. पोरांनी गम घ्यावा म्हणून पाकिटात कार्डं. मेणकागदाचं मेण पुठ्ठ्याला लागून डाग पडायचे. छापील ताव तारेने कापत, त्यामुळे कडा दातेरी, धागे निघाल्यासारख्या. आता संग्राहक याच खडबडीत कडेवरून माल अस्सल आहे का ते ताडतात. निळी कड मात्र भारी नाजूक. कोपरा जरा घासला की आतला पांढरा पुठ्ठा लगेच डोकावतो.

लारोक 1952 साली क्युबेकमधल्या हल गावात जन्मला. सगळे त्याला ‘बनी’ म्हणत. 1972 च्या खेळाडू-निवडीत माँट्रियल कॅनेडियन्सने त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. पण संघात आधीच गोलरक्षक केन ड्रायडन होता. 1973-74 च्या मोसमात मानधनावरून बिनसलं, ड्रायडन टोरंटोत वकिलीची उमेदवारी करायला गेला आणि लारोकची वर्णी लागली. वर्षभरात ड्रायडन परतला. झालं, बनी पुन्हा बारावा गडी.

राखीव म्हणून तो कच्चा होता असं कोणी समजू नये. 1976-77 मध्ये माँट्रियल 80 पैकी फक्त 8 सामने हरलं. लारोक 26 सामने खेळला, 19 जिंकला आणि सामन्यामागे सरासरी 2.09 गोल खाल्ले. ड्रायडनची सरासरी 2.14! सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांना तेव्हा व्हेझिना करंडक मिळे. तो या दोघांनी सलग तीन वर्षं वाटून घेतला.

बाद फेरी आली की मात्र जाळ्यासमोर ड्रायडनच. 1976 पासून चार वर्षं विजेतेपदाचा स्टॅनली कप माँट्रियलकडे आला, आणि अंतिम मालिकेतला एकही सामना लारोकने सुरू केला नाही. 1979 मध्ये संधी अगदी दारात आली होती. न्यूयॉर्क रेंजर्सनी पहिला सामना 4-1 असा जिंकला. ड्रायडनचा दिवस वाईट गेला होता, म्हणून प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी दुसऱ्या सामन्यासाठी लारोकचं नाव पुढे केलं. सामन्याआधीच्या सरावात सहकारी डग राइझब्रोचा फटका थेट त्याच्या मुखवट्यावर बसला. रेंजर्सचा नव्हे, घरचाच! त्याला खेळता येईना. ड्रायडन पुन्हा उतरला, सुरुवातीलाच दोन गोल खाल्ले, तरी संघ 6-2 ने जिंकला. पुढे मालिकाही.

ड्रायडन त्या उन्हाळ्यात निवृत्त झाला. मग तरी जागा बनीची? संघाने पिट्सबर्गहून डेनिस हेरॉन आणला. मार्च 1981 मध्ये लारोकला टोरंटोला देऊन टाकलं. 1992 मध्ये मेंदूच्या कर्करोगाने तो गेला, अवघ्या चाळिशीत.

1981 चा व्हेझिनाही माँट्रियलच्याच गोलरक्षकांना मिळाला, आणि मोसमाचा बराच काळ तिथे खेळल्याने त्यात लारोकचंही नाव होतं. हा त्याचा चौथा. त्या वेळी तो टोरंटोचा गोलरक्षक होता. पुढच्या मोसमापासून नियम बदलला आणि विजेता संघ-व्यवस्थापकांच्या मतांनी ठरू लागला.