एक लेजर, अनेक हात

चार हात लागले की काम लवकर उरकतं, असं घरातली वडीलधारी माणसं सांगत. बँकेत उभा जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते: ते चार हात एकाच लेजरवर एकदम पडता कामा नयेत.

समजा, तुमच्या खात्यात ५०० रुपये आहेत. एका कारकुनानं तो आकडा पाहिला आणि २०० चा भरणा मिळवून तो ७०० लिहायला निघाला. त्याच क्षणी दुसऱ्यानंही ५०० च वाचले. त्याला १०० वजा करून ४०० लिहायचे आहेत. पहिल्यानं ७०० लिहिले, दुसऱ्यानं ते खोडून ४००. दोघांचंही गणित अचूक, तरी तुमचे २०० बुडाले! आमच्या काळी हे घडत नसे, कारण ते जाडजूड बाड एका वेळी एकाच टेबलावर असायचं. त्याचं वजन हेच त्याचं कुलूप.

संगणकाच्या सामायिक स्मृतीला वजन नाही. अनेक प्रोसेसर तिच्यात एकाच वेळी हात घालू शकतात. आज खिशातल्या मोबाइलमध्येही आठ-आठ कोअर, म्हणजे आठ कारकून, बसलेले असतात.

गोंधळ झाला तर काय होतं? १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती, झाडांना टेकलेल्या तारांपासून. पण ओहायोतल्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा तासाभराहून अधिक काळ मुकी होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. एकाच माहितीवर दोन प्रक्रियांनी एकदम लिहायला घेतलं होतं. तो दोष हुडकायला कित्येक आठवडे लागले.

हा प्रश्न १९६५ सालीच डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी नेमका मांडून सोडवला होता. एका वेळी एकानंच आत जावं, आणि ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत सगळेच दाराशी खोळंबू नयेत. मात्र त्यांच्या उत्तरात एखादा बिचारा कायमचा मागे राहू शकत होता.

मला भावतो तो लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७४ चा ‘बेकरी अल्गोरिदम’. आमच्याकडे पितळी टोकन द्यायला काउंटरवर माणूस असे. इथे देणारा कुणीच नाही. येणाऱ्यानं सर्वांचे आकडे पाहायचे आणि सर्वांत मोठ्याहून एकानं मोठा आकडा स्वतःच घ्यायचा. दोघांनी एकदम पाहिलं तर आकडा सारखाच पडणार. तेव्हा ज्याचा मूळ क्रमांक लहान, तो आधी. ना वशिला, ना साहेबांची चिठ्ठी, आणि पाळी प्रत्येकाची येते.

पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये घडवलेल्या ‘परम ८०००’ नं निराळी वाट धरली होती: प्रत्येक प्रोसेसरची वही वेगळी, देवाणघेवाण निरोपांनी. अर्थात निरोपही वेळ खातातच.

आता ‘वाच, बदल, लिही’ हे एका दमात उरकणारी आज्ञा प्रोसेसरमध्येच असते. पण ती कुठे वापरायची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानंच ठरवायचं. कुलूप एका जागी राहिलं तर पैसे बुडतात. जागोजागी लावलं तर सोळा प्रोसेसर घेऊनही पंधरा रांगेत उभे.