सर्पाचें पान कोठें व कसें मांडावें

आपल्या मासिकांत बियाणें, खत, पाणी व बाजार यांविषयीं पुष्कळ मजकूर येतो आणि तो यावा हें योग्यच आहे. परंतु शेतांतील ज्या एका प्राण्यास आपण वर्षांतून एक दिवस हात जोडतों व उरलेले दिवस काठी दाखवितों, त्याच्या पोटापाण्याविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. सर्प काय खातो, केव्हां व कसें खातो, आणि आपण त्यास खाऊं घालावें कीं नाहीं, याविषयीं गांवोगांवीं जितकी खात्री दिसते तितकी माहिती दिसत नाहीं. ही उणीव माझ्याही ठिकाणीं होती व तिची किंमत मीं मोजली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी लेखक नव्हे. महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करून आतां घरची साडेचार एकर जमीन पाहत आहें. पीकपाहणी, आणेवारी व पंचनामे यांतच नोकरी संपली. पंचनामा लिहिणारास एक संवय लागते. जें डोळ्यांनीं दिसलें तें एका बाजूस व जें लोक सांगतात तें दुसऱ्या बाजूस लिहावयाचें. खेदाची गोष्ट ही कीं, स्वतःच्या गोठ्यांत मीं ही संवय पाळली नाहीं.

धामण व गाय

निवृत्त झालों त्याच वर्षीं पावसाळ्यांत आमची गाय एकाएकीं दुधास कमी झाली. एका सडावर ओरखडे दिसले. गोठ्याच्या मागील दगडी बांधांत सहा-सात फूट लांबीची धामण राहत असे, हें सर्वांस ठाऊक होतें. घरांत लागलीच निकाल झाला कीं, धामण रात्रीं गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते. आमचे थोरले बंधू आबा तेवढे म्हणाले, "अरे, या बांधांत धामण आपल्या वडिलांच्या वेळेपासून दिसते. तेव्हां गाय आटली नाहीं, ती आतांच कशी आटेल? आधीं डॉक्टरांस दाखव." मीं ऐकलें नाहीं. गड्यास सांगितलें व त्यानें भर दुपारीं ती मारली. तिचें पोट फुगलेलें होतें. पोरांना दूध दाखवावें म्हणून गड्यानें पोट चिरलें, तों आंतून दोन उंदीर निघाले. एक तर अंगावरील केसांसकट होता. दुधाचा टिपूसही नव्हता.

दोन दिवसांनीं पशुवैद्यकीय डॉक्टर आले. त्यांनीं त्या सडाची धार काळ्या फडक्यावर काढून गुठळ्या दाखविल्या व कासदाहाचें निदान केलें. औषधानें गाय पुन्हां दुधावर आली. धामण मात्र गेली ती गेली.

पुढें रब्बीत त्याच बांधालगत गव्हांत बिळें दिसूं लागलीं. कापणीपूर्वीं उंदरांनीं ओंब्या तोडून आंत नेल्या. एक बीळ खणलें तर घमेलेंभर ओंब्या निघाल्या. एका धामणीच्या मरणानेंच हें झालें असें मी म्हणणार नाहीं. पाऊस, पीक, शेजारचा ऊस अशीं उंदीर वाढण्याचीं कारणें पुष्कळ असतात. परंतु शेताच्या जमाखर्चांत जें नांव जमेच्या बाजूस होतें तें मीं खर्चीं टाकलें, एवढें मला त्या दिवशीं कळलें. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणें धामण, नाग वगैरे वन्य सर्प मारणें, पकडणें वा परवानगीवांचून घरीं बाळगणें हा अपराध आहे. सरकारी नोकरींत जन्म काढलेल्या माणसास हें ठाऊक नसावें, ही आणखी लाजेची गोष्ट.

दूध हें सर्पाचें अन्न कां नव्हे

दूध हें सस्तन प्राण्यांच्या पिलांचें अन्न आहे. नागाचीं व धामणीचीं पिलें अंड्यांतून बाहेर पडतात. घोणशीस जिवंत पिलें होतात, तरी तीही त्यांस पाजीत नाहीं. सर्पजातीच्या पोटांत दूध पचविण्याची सोयच नाहीं. दुसरें असें कीं, सड चोखावयास मऊ ओठ व गाल लागतात, ते सर्पास नाहींत. त्याचे दांत सुईसारखे अणकुचीदार व घशाकडे वळलेले असतात. ते सडास लागले तर कोणती गाय उभी राहील? लाथ मारून ती दावें तोडील.

मग नागपंचमीस गारुड्याचा नाग दूध पितो तें कसें? याचें उत्तर ऐकून मन विषण्ण होतें. सणापूर्वीं कित्येक दिवस, कधीं कित्येक आठवडे, त्या नागास अन्नपाणी देत नाहींत. विषाचे दांत उपटतात, कधीं तोंडही शिवतात. घसा कोरडा पडलेला तो जीव वाटींत जें ओलें मिळेल त्यास तोंड लावतो. तो तहानेनें पितो, भक्तीनें अथवा आवडीनें नव्हे. सर्पाच्या श्वासनलिकेचें तोंड मुखाच्या तळाशींच उघडतें. त्यामुळें बळेंच ओतलेलें दूध फुप्फुसांत शिरतें, जखमा चिघळतात, आणि ज्यास आपण सकाळीं हळदकुंकू वाहिलें तो थोड्याच दिवसांत तळमळून मरतो.

आमच्या सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी मीं लहानपणीं वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली आहे. रानांतून धरून आणलेले नाग मडक्यांत ठेवलेले असत, घरोघरीं त्यांची पूजा होई व पुढें गाड्यांवरून मिरवणूक निघे. पुढें मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें जिवंत नागांच्या पूजेस व खेळास बंदी झाली. कित्येकांस त्याचें वाईट वाटलें व तें मी समजूं शकतों, कारण सणाशीं गांवाचा अभिमान बांधलेला असतो. परंतु मातीचा नाग पूजल्यानें श्रद्धा उणी होते असें मला वाटत नाहीं. आमच्या घरीं आजी पाटावर गंधानें नाग काढीत असे आणि तिच्या श्रद्धेस कोणी नांव ठेवूं शकत नव्हतें.

सर्प जेवतो कसा

सर्प दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढतो ती भिववावयास नव्हे. हवेंतील गंधाचे कण तो जिभेनें टिपून टाळूंतील एका इंद्रियाकडे पोंचवितो व त्यावरून भक्ष्याचा माग काढतो. नाग भक्ष्यास दंश करून विषानें लुळें करतो. धामणीस विष नाहीं. ती भक्ष्य तोंडांत धरून अंगाखालीं दाबते व गिळूं लागते. सर्पाच्या खालच्या जबड्याचीं दोन्ही हाडें पुढें एकमेकांस सांधलेलीं नसतात, लवचिक बंधनांनीं जोडलेलीं असतात. म्हणून डोक्याहून जाड भक्ष्यही तो गिळूं शकतो. चावून खाणें त्यास ठाऊक नाहीं. बहुधा डोक्याकडूनच तो गिळतो, म्हणजे पाय व केस आडवे येत नाहींत.

एकदां पोटभर खाल्ल्यावर मोठा सर्प पुष्कळ दिवस निवांत पडून राहतो. त्याचें शरीर आपल्यासारखें स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. ऊन व उबदार माती यांवर त्याचें पचन चालतें. थंडींत तो आठवडेच्या आठवडे उपाशी राहूं शकतो. भरल्या पोटीं त्यास डिवचलें तर खाल्लेलें ओकून टाकतो. कात टाकण्यापूर्वीं डोळे धुरकट होतात, त्या दिवसांत तो सहसा खात नाहीं. पाणी मात्र त्यास लागतें, आणि उन्हाळ्यांत पाटाच्या अथवा डोणीच्या ओलीकडे तो येतो तें त्यासाठींच.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें मुख्य गोष्ट पुढेंच आहे. मांजर व घुबड बाहेर आलेला उंदीर धरतात. सर्प बिळांत शिरतो व पिलांसकट घर रिकामें करतो. उंदराची मादी तीन आठवड्यांच्या सुमारास विते व एका वेतांत सहा-आठ पिलें सहज होतात. तेव्हां बिळांतच होणारा हा बंदोबस्त किती मोलाचा, याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या कणगीकडे पाहून करावा.

परवान्यानें पाळलेल्या सर्पाचें जेवण

हौसेनें घरीं वन्य सर्प पाळणें आपल्या देशांत कायद्यास धरून नाहीं. सर्पोद्यानांत व विष काढण्याच्या संस्थांत सरकारी परवानगीनें सर्प ठेवतात. पुण्यास कात्रज येथें १९८६ सालीं सर्पोद्यान सुरू झालें, तें आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. मद्रासजवळ (आतांचें चेन्नई) इरुळ जमातीच्या लोकांनीं १९७८ सालीं सर्प पकडणारांची सहकारी संस्था काढली. तिचे सभासद सर्प धरून मातीच्या मडक्यांत ठेवतात, ठराविक वेळां विष काढतात व नंतर त्यांस पुन्हां रानांत सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरील लस तयार होते. सहकाराचें हें उदाहरण आपल्या सोसायट्यांनींही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पाळलेल्या सर्पास खाऊं घालतांना जाणते लोक जे नियम पाळतात ते असे. भक्ष्य सर्पाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून फार जाड नसावें. दोन सर्पांस एकत्र वाढूं नये, कारण एकाच उंदराचीं दोन टोकें दोघांनीं धरलीं तर एक दुसऱ्यासही गिळूं पाहतो. जिवंत उंदीर कोंडून ठेवूं नये, भुकेला उंदीर सर्पासच कुरतडतो. वाढावयाचें तें लांब चिमट्यानें, कारण हातास उंदराचा वास असला तर हातच भक्ष्य ठरतो. जेवणानंतर कांहीं दिवस त्यास हाताळूं नये व स्वच्छ पाणी सदा ठेवावें. या यादींत दुधाचें नांव कोठेंही नाहीं.

आपल्या शेतांत पान कोठें मांडावें

आपणांस सर्प पाळावयाचा नाहीं व हातानें भरवावयाचाही नाहीं. परंतु त्याचें पान कोठें मांडलें जातें हें मात्र आपल्याच हातीं आहे. सर्प उंदरामागून येतो. उंदीर घरांत असेल तर सर्पाचें पान घरांत मांडलें गेलें असें समजावें, आणि उंदीर बांधावर असेल तर बांधावर. यासाठीं पुढील गोष्टी कराव्या.

१. धान्य पत्र्याच्या कोठींत ठेवावें, सांडलेलें रोज झाडून घ्यावें, व कोंबड्यांचें खुराडें रात्रीं नीट बंद करावें.

२. सरपण, विटा, दगड व गवताच्या गंजी घराच्या भिंतीस लागून रचूं नयेत. त्या दूर असाव्या. भिंतींतील व उंबऱ्याखालील भोंकें बुजवावीं.

३. शेताच्या कडेचा एखादा जुना दगडी बांध अथवा झुडपांचा पट्टा राखावा. सगळेंच जाळून सपाट करूं नये.

४. उंदरांस विष घालावें लागलेंच तर मेलेले उंदीर उचलून पुरावे. विषानें मेलेला उंदीर खाऊन घुबड, सर्प व मांजर यांसही बाधा होऊं शकते.

५. घरांत सर्प आला तर माणसें व जनावरें दूर करून लांबून नजर ठेवावी व वनखात्यास अथवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. स्वतः धरण्याचें धाडस करूं नये.

भय खरें आहे

सर्पाची बाजू मांडली म्हणून भय खोटें आहे असें कोणी समजूं नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, म्हणजे दरवर्षीं सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि त्यांत खेड्यांतील लोकच अधिक. असे पंचनामे मीं स्वतः लिहिले आहेत. त्यांतील एक अजून डोळ्यांपुढून जात नाहीं. जमिनीवर निजलेल्या एका तरुण बाईस रात्रीं मण्यार चावली, दुखलें थोडें म्हणून कोणी मनावर घेतलें नाहीं, आणि पहाटे मांत्रिकाकडे नेतांना वाटेंतच ती गेली. दवाखाना त्याच रस्त्यावर होता.

नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांपासून बहुतेक मृत्यू होतात. म्हणून रात्रीं विजेरीवांचून बाहेर पडूं नये, शेतांत बूट घालावे, खाटेवर मच्छरदाणी लावून निजावें. दंश झालाच तर जखम कापूं नये, चोखूं नये व दोरी आवळून बांधूं नये. रोग्यास धीर द्यावा, चावलेला अवयव हलूं देऊं नये व क्षणही न दवडतां लस असलेल्या दवाखान्यांत न्यावें.

नागपंचमीस आपण नांगर धरीत नाहीं, जमीन खणीत नाहीं व भाजी चिरीत नाहीं. ज्यांनीं हा नेम घातला त्यांनीं श्रावणाचा मुहूर्त उगाच निवडला नसावा, कारण नागाचीं अंडीं फुटून पिलें बाहेर पडण्याचा काळ याच सुमाराचा. त्या नेमांत बीळ मोडूं नये एवढें सांगितलें आहे, वाटी पुढें करा असें सांगितलेलें नाहीं. वाटींतील दूध घरच्या लेंकरास द्यावें.

आमच्या गोठ्यामागील बांध मीं गेल्या उन्हाळ्यांत पुन्हां नीट रचून घेतला व दगडांत फटी राखल्या. परवां आबांनीं हांक मारून मला बोलाविलें व बोटानें दाखविलें. फटीबाहेर नुकती टाकलेली लांब कात पडली होती. गड्यास या वेळीं आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं.