बंद घरे, निवाऱ्याची गरज आणि कर्जाचा भार

ग्वाल्हेर शहरातील लष्कर भागात कंपू नावाची जुनी वस्ती आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास आपल्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. कवायती पलटणींच्या समूहाला त्या काळी मराठीत ‘कंपू’ म्हणत. तोच शब्द या वस्तीच्या नावात टिकून राहिला आहे. फौजेच्या मागोमाग सरदार, कारकून, शास्त्री आणि व्यापारी आले, त्यांनी वाडे बांधले आणि तळाचे गाव झाले. निवाऱ्याची गरज माणसांना कोठे नेते आणि तेथे घरे कशी उभी राहतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुढे परिस्थिती पालटली. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि राजधानी भोपाळला झाली. नोकरी आणि शिक्षण यांसाठी अनेक मराठी कुटुंबांतील तरुण पिढी भोपाळ, इंदूर, पुणे, मुंबई येथे गेली. मागे राहिलेल्या घरात वृद्ध आईवडील असेपर्यंत दिवा लागत होता. त्यांच्यानंतर दाराला कुलूप लागले. दुसरीकडे याच परिसरातील जयारोग्य रुग्णालय आणि गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे विद्यार्थी, परिचारिका, कर्मचारी आणि रुग्णांचे नातलग खोली शोधत येतात. बंद घर आणि घराच्या शोधात असलेला माणूस एकाच गल्लीत असूनही एकमेकांना भेटत नाहीत, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार भारताच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लक्ष घरे रिकामी होती. २०१२ मध्ये केंद्र शासनाच्या तांत्रिक गटाने नागरी भागातील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लक्ष इतकी सांगितली. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नमूद केल्याप्रमाणे रिकाम्या घरांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, म्हणजे वीस लक्षांहून अधिक होती. एकट्या मुंबईत ती सुमारे ४ लक्ष ८० हजार होती.

एका आकड्यातून दुसरा वजा केला की प्रश्न सुटेल, असे मात्र नाही. तुटीच्या आकड्यातील सुमारे ऐंशी टक्के कुटुंबे अगदीच उघड्यावर राहणारी नव्हती. ती दाटीवाटीने, अपुऱ्या जागेत राहत होती. त्यातील बहुतेक सर्व अल्प उत्पन्नाची होती. रिकामी घरे मात्र बहुधा त्यांच्या ऐपतीपलीकडची, कामाच्या ठिकाणापासून दूर अथवा वादात अडकलेली असतात. म्हणून घर रिकामे का राहते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

कुलपामागील भीती

पहिले कारण भाडेकरू जागा सोडणार नाही ही भीती होय. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पुष्कळ जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. टंचाईच्या काळात त्या कायद्याने लक्षावधी भाडेकरूंना संरक्षण दिले. तथापि दुरुस्तीलाही न पुरणारे भाडे घेण्यापेक्षा जागा बंद ठेवलेली बरी, असा विचार मालकांत रुजला. मध्य प्रदेशातही १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आला. त्यात १९८३ मध्ये दुरुस्ती करून विधवा, अपंग आणि निवृत्त शासकीय सेवक अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी जागा परत मिळविण्याचा वेगळा मार्ग ठेवण्यात आला. मालक म्हणजे नेहमी धनिकच नव्हे, याची ती नोंद होती.

दुसरे कारण वारसांचे. आजोबांच्या वाड्याचे आठ-दहा हिस्सेदार निरनिराळ्या गावी असतात. कागदोपत्री नाव जुनेच राहते, दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा हे ठरत नाही आणि दोन-चार पावसाळ्यांत छप्पर खचते. तिसरे कारण म्हणजे भाव वाढेल या आशेने विकत घेऊन बंद ठेवलेली घरे.

सक्तीचा अनुभव

रिकाम्या जागांचा उपयोग करण्याचा प्रयत्न नवा नाही. मुंबई राज्याच्या १९४८ च्या जमीन अधिग्रहण कायद्याखाली, जागा रिकामी होताच मालकाने शासनास कळवावे असे बंधन होते आणि ती जागा शासन गरजूंना देऊ शकत होते. फाळणीनंतरच्या टंचाईत या कायद्याचा उपयोग झाला. परंतु तात्पुरते अधिग्रहण दीर्घकाळ चालू राहू लागले. १९५१ मध्ये घेतलेली एक जागा तीस वर्षे परत न मिळाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. अधिग्रहण अनिश्चित काळ चालू ठेवता येत नाही, असा निर्णय १९८४ मध्ये झाला आणि १९९४ मध्ये तो पुन्हा कायम करण्यात आला. परत मिळण्याची खात्री नसेल तर मालक जागा दडवितो, हा या अनुभवाचा धडा आहे.

शासनाच्या स्वतःच्या घरांचाही यात विचार झाला आहे. पूर्वीच्या नागरी योजनांतून बांधलेली एक लक्षाहून अधिक घरे रिकामी असल्याचे आढळल्यावर, ती स्थलांतरित कामगारांना भाड्याने द्यावीत अशी योजना केंद्राने जुलै २०२० मध्ये मंजूर केली. चंडीगढ येथे प्रथम दोन हजारांहून अधिक घरे अशा रीतीने वापरात आली.

गहाण घराचा प्रश्न

रिकाम्या घरांचा कर्जाशी संबंध कसा, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. २० लक्ष रुपयांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १८ हजार रुपये पडतो. एकूण फेड सुमारे ४३ लक्ष रुपये होते; म्हणजे व्याजच मुद्दलापेक्षा अधिक. माफक भाड्याचे सुरक्षित घर मिळाले तर अनेक कुटुंबांना ऐपतीबाहेरचे कर्ज काढावे लागणार नाही. उलट, गावाकडील बंद घराचे भाडे शहरातील हप्त्याला हातभार लावू शकते.

हप्ते थकले तर २००२ च्या कायद्यानुसार बँक साठ दिवसांची सूचना देऊन गहाण घराचा ताबा घेऊ शकते. ही सूचना मिळाल्यावर बँकेच्या संमतीवाचून ते घर विकता अथवा भाड्याने देता येत नाही. म्हणून अडचण दिसताच, सूचना येण्यापूर्वीच, बँकेकडे जाऊन मुदतवाढ, भाड्याने देण्याची परवानगी अथवा स्वतःहून विक्री यांचा विचार करणे हिताचे असते. ताबा घेतल्यानंतरही कर्जदाराला पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर स्पेनमध्ये या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच वेळी दिसली. तेथील २०११ च्या जनगणनेत सुमारे ३४ लक्ष घरे रिकामी होती आणि त्याच वेळी कर्ज थकलेल्या कुटुंबांना घराबाहेर काढले जात होते. तेथील शासनाने २०१२ मध्ये अत्यंत दुर्बल कुटुंबांची घरे रिकामी करविणे दोन वर्षे थांबविले, आणि २०१३ च्या आरंभी बँकांनी आपल्या ताब्यातील सुमारे सहा हजार घरे अल्प भाड्याने देण्याचे मान्य केले. गरजेच्या मानाने ही संख्या लहान होती. पण बंद घर बँकेलाही भारच असते, हे त्यातून मान्य झाले.

काय करता येईल?

महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या भाडेनियंत्रण कायद्याने अनुज्ञा करार, म्हणजेच ‘लीव्ह अँड लायसन्स’, लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. मुदत संपल्यावर राहण्यासाठी दिलेली जागा न सोडल्यास दुप्पट आकारणीची तरतूद केली. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरारविषयक कायद्याच्या मसुद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे. मालकाला जागा परत मिळण्याची आणि भाडेकरूला मुदतीपर्यंत निर्वेध राहण्याची हमी असली, तरच कुलूप निघते.

वारसांनी प्रथम कागदपत्रांवर आपली नावे लावून घ्यावीत. मग सर्वांच्या संमतीने एकास मुखत्यारपत्र द्यावे, भाड्याची वाटणी व दुरुस्तीचा खर्च लिहून ठेवावा आणि भाडेकराराची रीतसर नोंदणी करावी. नगरपालिकेने व ग्रामपंचायतीने मालमत्ताकराच्या नोंदींवरून बंद घरांची यादी केल्यास नेमक्या कोणत्या मालकांशी बोलावयाचे, हे कळेल. गावातील शिक्षकांना घरोघरची माहिती असते. परगावी गेलेल्या वारसांचे पत्ते मिळविण्यास त्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

नवे घर बांधावयास जमीन, सिमेंट, पैसा आणि वर्षे लागतात. उभे असलेले घर वाचविण्यास बहुधा थोडी दुरुस्ती, एक निर्दोष करार आणि परस्परांवरील विश्वास पुरतो. मात्र छप्पर खचल्यानंतर ही संधी राहत नाही. म्हणून कंपूतील असो वा कोकणातील, बंद घराचा निर्णय वारसांनी पुढच्या पावसाळ्यापूर्वी घेणे श्रेयस्कर होय.