हवामान वचननाम्यात महिलांचे स्थान : उल्लेखाकडून नोंदीकडे

ब्राझीलमधील बेलेम येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या तिसाव्या हवामान परिषदेत लिंगभावविषयक नव्या कृती आराखड्यास मान्यता देण्यात आली. पेरू देशाची राजधानी लिमा येथे २०१४ मध्ये याविषयीचा पहिला कार्यक्रम ठरला होता आणि २०१७ च्या बॉन परिषदेत पहिला कृती आराखडा स्वीकारण्यात आला होता. बेलेमचा आराखडा त्याच मालिकेतील असून तो २०२६ ते २०३४ या कालावधीसाठी आहे. परिषदेत यावर बराच खल झाला. ‘लिंगभाव’ या शब्दाची व्याख्या काय करावी, यावरच काही देशांचे आक्षेप होते. शब्दावरून इतका वाद होत असेल, तर प्रत्यक्ष कृतीच्या वेळी काय होत असेल, असा प्रश्न कोणालाही पडावा.

लिंगभाव म्हणजे स्त्री-पुरुषांमधील शारीरिक भेद नव्हे. समाजाने कोणती कामे कोणाकडे सोपवली, मालकी कोणाच्या नावे ठेवली आणि निर्णय कोणी घ्यायचा हे कसे ठरवले, त्या सर्व व्यवस्थेला हा शब्द लागू होतो. हवामानाशी त्याचा संबंध येतो तो येथेच. विहीर आटते ती साऱ्या गावासाठी. मात्र लांबच्या पाणवठ्यावर हंडा घेऊन कोणी जायचे, हे आधीच ठरलेले असते. पीक बुडाल्यावर पुरुष कामाच्या शोधात शहर गाठतो. शेत, जनावरे आणि म्हातारी माणसे घरच्या बाईवर सोपवलेली असतात. नुकसानभरपाईचा अर्ज भरण्याची वेळ आली की त्यावर सही मात्र खातेदाराची लागते.

डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या पॅरिस करारान्वये प्रत्येक देशाने आपले हवामानविषयक वचन स्वतः ठरवून संयुक्त राष्ट्रांना कळवायचे असते. त्याला ‘राष्ट्रीय स्तरावर निर्धारित योगदान’ असे म्हटले जाते. करारातील अनुकूलनाविषयीच्या सातव्या आणि क्षमतावृद्धीविषयीच्या अकराव्या कलमात ही कामे लिंगभावाची दखल घेऊन व्हावीत, असे नमूद आहे. तरीही सुरुवातीला सादर झालेल्या वचननाम्यांपैकी सुमारे ४० टक्के वचननाम्यांतच महिलांचा किंवा लिंगभावाचा उल्लेख आढळला होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत हे चित्र पालटले. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाने २०२५ मध्ये ६४ देशांच्या नव्या वचननाम्यांचा गोषवारा प्रसिद्ध केला. त्यातील जवळपास नव्वद टक्के देशांनी या विषयावर काही ना काही लिहिले आहे.

‘काही ना काही’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. प्रस्तावनेत महिलांचे नाव घेण्यास खर्च येत नाही. कसोटी लागते ती उद्दिष्टे, निधी आणि मोजमाप यांच्या तक्त्यात.

भारताने आपला पहिला वचननामा २ ऑक्टोबर २०१५ रोजी सादर केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो अद्ययावत केला. २०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करणे, विजेच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांतून उभारणे आणि अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेईल एवढे वाढीव वनाच्छादन निर्माण करणे, ही त्यातील प्रमुख परिमाणे होती. यापैकी विजेचे उद्दिष्ट देशाने २०२५ च्या मध्यावरच, म्हणजे पाच वर्षे आधी गाठले. ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. मात्र या वचननाम्यातील आठही मुद्द्यांच्या मजकुरात ‘महिला’ हा शब्द सापडत नाही. कृषी, जलसंपदा, हिमालयीन प्रदेश, किनारपट्टी आणि आरोग्य ही क्षेत्रे संवेदनक्षम म्हणून नोंदली आहेत. त्यांत राबणारी माणसे नोंदलेली नाहीत.

वास्तविक भारतीय धोरणकर्त्यांना हा विषय अपरिचित नव्हता. जून २००८ च्या राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्यातच पाणीटंचाई, जंगलातील जळणाची घट आणि आरोग्याचे धोके यांचा भार महिलांवर अधिक पडेल, असे स्पष्ट लिहिलेले होते. केंद्रीय अर्थसंकल्पाबरोबर २००५-०६ पासून लिंगभाव अर्थसंकल्पाचे स्वतंत्र विवरणपत्रही मांडले जाते. २०२५-२६ च्या विवरणपत्रात ४ लाख ४९ हजार कोटी रुपये, म्हणजे एकूण अर्थसंकल्पाच्या ८.८६ टक्के रक्कम दाखवण्यात आली. एका वहीत महिलांसाठीचा खर्च लिहिला जातो आणि दुसऱ्या वहीत टन व मेगावॅट. दोन्ही वह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याची पद्धत मात्र रुजलेली नाही.

ती का रुजायला हवी, हे सौर कृषिपंपाच्या उदाहरणावरून समजते. केंद्राची ‘पीएम-कुसुम’ योजना २०१९ मध्ये सुरू झाली. डिझेलवरील पंप हटवून सौरपंप बसवणे, हे वचनपूर्तीचे थेट साधन आहे. महाराष्ट्रात अशा पंपासाठी अर्ज करताना सातबारा उतारा जोडावा लागतो. जमीन सामाईक असल्यास इतर हिस्सेदारांची संमती लागते. अट रास्त आहे. कोणाच्याही शेतात कोणालाही अनुदानित पंप देता येणार नाही. परंतु २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांमध्ये महिलांचे प्रमाण १४ टक्क्यांहून किंचित कमी होते. दुसरीकडे, नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश शेतीवर अवलंबून आहेत. शेतात राबणारी आणि उताऱ्यावर नोंदलेली व्यक्ती वेगवेगळी असल्यामुळे, योजनेत कोठेही भेदभावाचा शब्द नसतानाही लाभ एकाच दिशेला वाहतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न हवामान परिषदांच्या कितीतरी आधी मांडला गेला होता. चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेतली आणि पतीने स्वेच्छेने काही जमीन पत्नीच्या नावे करावी, असे आवाहन गावोगाव केले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हिस्सा देणारी दुरुस्ती राज्याने १९९४ मध्ये केली. केंद्राने ती २००५ मध्ये केली. ज्येष्ठ कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक मांडले. जमीन नावावर नसली तरी शेतीकाम करणाऱ्या स्त्रीला शेतकरी म्हणून प्रमाणपत्र मिळावे, ही त्यातील मध्यवर्ती तरतूद होती. ते खासगी विधेयक २०१३ मध्ये व्यपगत झाले. आता संयुक्त राष्ट्र महासभेने २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्यानिमित्ताने तरी त्या तरतुदीचा पुन्हा विचार व्हायला हरकत नाही.

कायद्याच्या एका वाक्याने किती फरक पडतो, याचे उदाहरण वनहक्क कायद्यात आहे. २००६ च्या या कायद्यानुसार विवाहित दावेदाराला मिळणारा वनहक्काचा पट्टा पती आणि पत्नी या दोघांच्या नावे नोंदवावाच लागतो. गावाच्या वनहक्क समितीत किमान एक-तृतीयांश महिला असणेही नियमानुसार आवश्यक आहे. जंगल वाढवण्याच्या उद्दिष्टाशी याचा निकटचा संबंध आहे. कार्बन शोषणाच्या हिशेबात सागाचे झाड आणि मोहाचे झाड यांत फारसे अंतर नसेल. मोहफुले आणि सरपण गोळा करणाऱ्या बाईच्या हिशेबात मात्र ते अंतर फार मोठे आहे. कोणती झाडे लावायची, कोणता भाग चराईसाठी बंद करायचा, हे ठरवताना ती बैठकीत असली, तर लावलेली झाडे जगण्याची शक्यताही वाढते.

स्वयंपाकघरातील इंधनाबाबतचा अनुभव संमिश्र आहे. मे २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातील बलिया येथून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी महिलेच्याच नावे देण्याचा नियम करण्यात आला. दहा कोटींहून अधिक जोडण्या अशा दिल्या गेल्या. स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ४४ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ५८.६ टक्के झाले. तथापि उज्ज्वला लाभार्थ्यांकडून वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर भरून घेतले जात असल्याचे २०१९-२० मध्ये दिसून आले. अनुदान वाढल्यानंतर २०२४-२५ मध्ये ही सरासरी साडेचारच्या आसपास पोहोचली. जोडणी बाईच्या नावे असली तरी सिलिंडरचे पैसे देण्याचा निर्णय घरात कोण घेतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. केवळ जोडण्या मोजल्या असत्या, तर तो दिसलाही नसता.

उष्म्याच्या बाबतीत अहमदाबादने देशाला वाट दाखवली. मे २०१० च्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाले आणि २०१३ मध्ये शहराने उष्मा कृती आराखडा तयार केला. त्याच शहरात १९७२ मध्ये इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने पुढे एक वेगळा प्रयोग केला. भाजी विकणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, मिठागरात राबणाऱ्या महिलांसाठी तापमानाशी जोडलेला विमा २०२३ मध्ये सुरू झाला. ठरावीक तापमान ठरावीक दिवस टिकले की पंचनाम्याशिवाय रक्कम खात्यात जमा होते. २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातील सुमारे ५० हजार सभासदांपैकी ४६ हजारांहून अधिक महिलांना अशी रक्कम मिळाली. रक्कम मोठी नव्हती. पण भर दुपारी हातगाडी लावायची की घरी थांबायचे, एवढा पर्याय तिने दिला.

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. त्याच मराठवाड्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिलांना कुटुंबाच्या जमिनीपैकी सुमारे एक एकर मागून घेण्यास प्रवृत्त केले. नगदी पिकांऐवजी त्या तुकड्यात कमी पाण्यावर येणारी कडधान्ये, तृणधान्ये आणि भाजीपाला घेण्यात आला. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ही सर्व शेती नेमकी वचननाम्यात अपेक्षित असलेली ‘अनुकूलन’ शेती आहे. तिची सुरुवात घरात बसून केलेल्या वाटाघाटीने झाली, हे विशेष.

या चर्चेत एक सावधगिरी आवश्यक आहे. हवामान बदलाला सर्वांत कमी कारणीभूत असलेल्या ग्रामीण स्त्रीवरच पर्यावरण राखण्याची नवी जबाबदारी टाकली जाऊ नये. ऐतिहासिक उत्सर्जनाची जबाबदारी विकसित देशांची आहे आणि त्यांनी पुरेसा निधी द्यावा, ही भारताची भूमिका न्याय्य आहे. मात्र जागतिक व्यासपीठावर हे समन्यायाचे तत्त्व मांडणाऱ्या देशाला आपल्या गावातही ते लावून पाहावे लागेल.

त्यासाठी नवी योजना आणावी लागेलच असे नाही. पीएम-किसान योजनेचा फेब्रुवारी २०२५ मधील हप्ता ९.८ कोटी शेतकऱ्यांना देण्यात आला, त्यांत २.४१ कोटी महिला होत्या, हे शासनानेच जाहीर केले होते. सौरपंप, छतावरील सौरसंच, पीकविमा आणि वृक्षलागवडीची मजुरी यांचे आकडे याच पद्धतीने वेगळे काढून हवामान वचनाच्या प्रगती अहवालात देता येतील. पॅरिस करारानुसार जगभरातील प्रगतीचा पुढील आढावा २०२८ मध्ये घेतला जाणार आहे.