बिलाचे मापही तपासून घ्या

22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर नगामागे 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के व त्यापुढे 18 टक्के जीएसटी लागू झाला. वणीच्या बाजारात आम्ही कापडवाले वहीवर हिशेब करायचो तेव्हा चूक नजरेस पडे. आता आकडेमोड संगणकातल्या डेटाबेसच्या पोटात होते आणि तिथली एक चूक शेकडो बिलांत उतरते. जादा कर घेतला तर गिऱ्हाइकाचा हक्क मारला जातो. कमी घेतला तर फरक व्याजासकट आपल्या गल्ल्यातून जातो.

यावर उपाय म्हणजे युनिट टेस्टिंग, अर्थात प्रत्येक हिशेबाची सुटी परीक्षा. उत्तर आधी कागदावर काढावे, मग संगणकाचे उत्तर ताडून पाहावे. 2500 चा कुर्ता: कर 125 रुपये. 2501 चा: 450 रुपये 18 पैसे. 1500 चे दोन कुर्ते: बेरीज 3000, तरी दर 5 टक्केच, कर 150. जुन्या 12 टक्क्यांनी विकलेला 1500 चा कुर्ता परत आला, तर क्रेडिट नोटमध्ये कर 180.

ओरॅकलसाठी यूटीपीएलएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी, पोस्टग्रेससाठी पीजीटॅप ही साधने मोफत मिळतात. टीएसक्यूएलटी परीक्षा संपताच नमुन्याच्या नोंदी मागे घेते. तरीही परीक्षा खऱ्या खात्यांवर नव्हे, त्यांच्या नकलेवर घ्यावी. आणि प्रोग्राममध्ये बदल झाला की सर्व परीक्षा पुन्हा घ्याव्यात.

साधन प्रोग्रामरने बसवावे, उत्तरे मात्र व्यापाऱ्याने लिहून द्यावीत. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना इशारा आहे. बिल हेही मापच आहे.