हार्ड डिस्कला लागलेली घरघर



आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "घरचा कॉम्प्युटर हल्ली फार हळू झालाय, नवीन घ्यावा का?" थोडी चौकशी केली की बरेचदा कळते, मेमरी पुरेशी आहे, व्हायरसही नाही. मुलांनी टोरंटचा एक प्रोग्रॅम टाकला आहे आणि तो दिवसरात्र चालू असतो. हार्ड डिस्कचा दिवा विझत नाही आणि साधा फोटो उघडायला अर्धा मिनिट लागतो. अशा वेळी नव्या मशीनची घाई करू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

असे का होते?

बिटटोरंट ही पद्धत ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणली. तिच्यात मोठी फाईल एका ठिकाणाहून सलग येत नाही. तिचे शेकडो-हजारो तुकडे अनेकांच्या कॉम्प्युटरवरून येतात, आणि तेही क्रमाने नाही, तर साधारणपणे जो तुकडा कमी लोकांकडे आहे तो आधी. हे तुकडेसुद्धा १६ किलोबाईटच्या छोट्या भागांत येतात. त्याच वेळी आपल्याकडे आलेले तुकडे इतर लोक मागत असतात, म्हणजे लिहिणे आणि वाचणे दोन्ही एकदम सुरू.

आता जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्या. ती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. वाचणारा हात योग्य जागी न्यायला ८-९ मिलिसेकंद आणि तबकडीची ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा. म्हणजे एका विखुरलेल्या कामाला १२-१३ मिलिसेकंद, आणि सेकंदाला जेमतेम ८० कामे. प्रत्येक वेळी १६ किलोबाईट धरले तर सेकंदाला सव्वा मेगाबाईटच्या आसपास! तीच डिस्क सलग फाईल लिहिताना सेकंदाला १०० मेगाबाईटच्या पुढे सहज जाते. उलट १०० मेगाबिटचे इंटरनेट असे जवळजवळ ८०० भाग दर सेकंदाला आणून टाकू शकते. प्रोग्रॅम काही भाग मेमरीत साठवून एकत्र लिहितो म्हणून निभावते, पण मूळ दुखणे हेच.

पंगतीत एकच वाढपी असावा आणि त्याने या टोकाला मीठ, त्या टोकाला लिंबू, परत इकडे पोळी असे धावत राहावे, तसे हे आहे. वाढायचे फार नाही, धावपळच फार. तेव्हा उपाय म्हणजे ही धावपळ कमी करणे.

आधी निदान

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना पाहा. तिथे सतत १०० टक्के दिसत असेल तर टोरंटचा प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटून बरेचदा तो बंद होत नाही. घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'एक्झिट' म्हणा. पाच मिनिटांत आकडा खाली आला तर चोर सापडला.

मग उपाय

१. एका वेळी एक किंवा दोनच डाऊनलोड चालू ठेवा. बाकीचे रांगेत उभे राहू देत.

२. एकूण कनेक्शनची मर्यादा १०० ते १५० वर आणा. अपलोड करण्याच्या जागाही कमी ठेवा आणि वेगावर मर्यादा घाला.

३. फाईलची जागा डिस्कवर आधीच राखून ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असल्यास चालू करा. त्यामुळे फाईल डिस्कभर विखुरण्याचे प्रमाण कमी होते.

४. कॉम्प्युटर बंद करण्यापूर्वी प्रोग्रॅम रीतसर बंद करा. तो मध्येच तुटला तर पुढच्या वेळी सगळी फाईल पुन्हा तपासत बसण्याची शक्यता असते, आणि ४० गिगाबाईट वाचायचे म्हणजे डिस्कला पुन्हा घाम.

५. वनड्राइव्हसारख्या सोयीने आपोआप वर जाणाऱ्या फोल्डरमध्ये डाऊनलोड करू नका. डिस्कवर १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा.

६. विंडोज एसएसडीवर हलवता आले तर उत्तमच. तिच्यात फिरणारे काही नसल्याने ही धावपळ तिला जाचत नाही. मात्र तिच्यावर लिहिण्यालाही मर्यादा असते, म्हणून टोरंटसाठी वेगळी साधी डिस्क ठेवणे शहाणपणाचे.

प्रोग्रॅम बंद करूनही डिस्क शांत होत नसेल तर?

कधी विंडोजचे अपडेट किंवा अँटीव्हायरसची तपासणी चालू असते. ती तासा-दोन तासांत संपते. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाईल उघडताना मशीन गोठत असेल, तर दुखणे वेगळे आहे. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. त्यात बदललेले किंवा संशयास्पद सेक्टर दिसले आणि तो आकडा वाढत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग आधी करू नका. दुरुस्तीची तपासणी सगळी डिस्क पिंजून काढते आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकू शकते. आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या.

टोरंट हे तंत्र वाईट नाही. लिनक्स, लिबरऑफिस असेच मिळते; जुनी मराठी पुस्तके जिथे सापडतात ते इंटरनेट आर्काइव्हसुद्धा २०१२ पासून टोरंट देते. पण हक्क राखीव असलेला सिनेमा उतरवताना आपण तो इतरांना वाटतही असतो, हे मुलांना जरूर सांगा. परदेशात त्याची नोटीस घरी येऊ शकते.

डाऊनलोड केलेली फाईल पुन्हा मिळेल. त्याच डिस्कवर असलेले मुंजीचे फोटो आणि आजी-आजोबांचे व्हिडिओ मात्र कुठल्याच टोरंटवर मिळणार नाहीत. त्यांची दुसरी प्रत आधी करा, सेटिंग मागाहून बदला.