पेशव्यांच्या पगारावरचे चर्च

पुण्यातल्या चर्चचा विषय निघाला की बोलणे थेट कॅम्पात जाऊन थांबते: इंग्रज आले, छावणी पडली, चर्चे उभी राहिली. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ उभे असलेले इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च, म्हणजे पुणेकरांचे सिटी चर्च, हा सरधोपट हिशेब मोडते. 1792 साली, कॅम्पाचा मागमूसही नसताना, सवाई माधवरावांनी त्यासाठी जागा दिली. मागणी होती पेशव्यांच्याच फौजेतल्या डॉम मिगेल दे नोरोन्हा या अधिकाऱ्याची, कारण फौजेत गोव्याकडचे कॅथलिक शिपाई होते आणि त्यांना मिस्सेची सोय हवी होती. पेशवाईच्या सहिष्णुतेचा दाखला म्हणून ही गोष्ट हौसेने सांगितली जाते. मला तो दाखला पुरेसा वाटत नाही. 1739 च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत टांगल्या गेल्या. त्यांतली एक आजही मेणवलीच्या घाटावर आहे, आणि मेणवली हे तर नाना फडणविसांचे गाव. ज्या कारभाऱ्याच्या घाटावर चर्चची घंटा, त्याच्याच कारकिर्दीत चर्चला जागा! यात विसंगती नाही. कवायती पलटणी उभ्या करायच्या, तर बंदूक-तोफेची विद्या जाणणारी माणसे बाहेरून आणावी लागत आणि ती टिकवावी लागत. जागा हा त्या नोकरीच्या कराराचाच एक भाग होता, असे मी मानतो.

या चाकरीचे शेवटचे मोठे दर्शन 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या लढाईत होते. पेशव्यांच्या बाजूने एक कवायती पलटण इंग्रजांच्या फळीवर चालून गेली. तिचा सरदार होता पिंटो नावाचा पोर्तुगीज. आपल्या पाठ्यपुस्तकांना बापू गोखले ठाऊक, पिंटो नाही. गोऱ्या धर्माचे लोक गोऱ्यांच्याच बाजूने असणार, हा समज त्या एका नावाने कोसळतो.

यावर कोणी म्हणेल की मग श्रद्धेला पगारापलीकडे काही अर्थच उरत नाही. उरतो. 1818 मध्ये पगार देणारे राज्य बुडाले, पलटणी मोडल्या, तरी चर्च मोडले नाही. 1852 मध्ये तर आजची इमारत उभी राहिली. तेव्हा कॅम्पाच्या बाजूला आयरिश सैनिकांसाठी सेंट पॅट्रिक्स (1850) उभे होतेच. धर्म एक, पंथ एक, मग दुसरे चर्च कशाला? कारण पोर्तुगालच्या राजाचा धर्मगुरू नेमण्याचा जुना हक्क आणि रोमने थेट नेमलेले मिशनरी यांच्यात मुंबई इलाख्यात हाडवैर पेटले होते. 1853 मध्ये माहीमच्या चर्चमध्ये रोमच्या बाजूच्या बिशप हार्टमनलाच वेढा पडला. सिटी चर्चची नाळ गोव्याशी, सेंट पॅट्रिक्सची रोमने नेमलेल्या बिशपांशी.

1886 मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पहिले बिशप जर्मन जेझुइट बायडरलिंडेन. म्हणजे इंग्रजांच्या छावणीतल्या आयरिश सैनिकांचे पाळक जर्मन! 1914 पर्यंत कोणाला त्याचे काही वाटले नाही. युद्ध पेटताच सरकारला हे पाळक शत्रू दिसू लागले. बिशप हाइनरिख डोरिंग पुण्याला पारखे झाले. 1921 मध्ये रोमने त्यांना जपानात हिरोशिमाला धाडले. पुण्याची गादी त्यांना परत मिळाली ती 1927 मध्ये.